विकणे आहे : सात खोगिरं

मी वाशीचा. पुण्यात हे कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सेक्टर किती?" मग मी सांगतो, ती वाशी नव्हे. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. (धाराशिव म्हणजे २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद.) टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा असं करत पाच-सहा तासांनी येणारी. आमच्या वाशीला मॉल नाही, खाडीपूल नाही, रेल्वे स्टेशन तर मुळीच नाही. खवा आहे, सोयाबीन आहे, आणि शेजारच्या तेरखेड्याचे फटाके आहेत. एवढं ऐकल्यावर समोरचा "अच्छा अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. असो.

हा गोंधळ इतकी वर्षं करमणुकीपुरता होता. २०२४ च्या दिवाळीत तो धंद्याच्या आड आला.

तर झालं असं. आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, आयुष्यभर घोड्यांत राहिले. वयाच्या विशीत पुण्याला गेले आणि एका घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबात सईस म्हणून लागले. सईस म्हणजे जुन्या मराठीतला मोतद्दार. घोड्याला खरारा करायचा, चारापाणी बघायचं, साज चढवायचा-उतरवायचा आणि मालक आले की लगाम हातात द्यायचा. स्वतः बसायचं नाही. वीसेक वर्षं त्यांनी हे केलं. २०१४ साली तो क्लब बंद पडला तेव्हा मालकाकडं नानांचा बराच पगार थकलेला होता. पैसे काही निघेनात. शेवटी "यातलं काय न्यायचं ते घेऊन जा" म्हणून मालकानं साजाच्या खोलीचं कुलूप काढून दिलं. नाना एका टेम्पोत सात खोगिरं घालून वाशीला आले. घरात हा प्रसंग अजून 'नानांचा प्रॉव्हिडंट फंड' म्हणून ओळखला जातो.

गावी आल्यावर त्यांनी एक पांढरी घोडी घेतली आणि लग्नाच्या वराती सुरू केल्या. बरं चाललं होतं. मग २०२० आलं. पन्नास माणसांत लग्न उरकायचं म्हटल्यावर घोडी कशाला कोण सांगतो? नवरदेव मोटरसायकलवरून आले. घोडीला चंदी मात्र रोज लागत होती. नानांनी सहा महिने दम काढला आणि घोडी विकली. खोगिरं राहिली. गोठ्याच्या पलीकडच्या खोलीत बांबूच्या आडव्या दांडीवर एका रांगेत सात, वर जुनी गोधडी. दर पावसाळ्यानंतर नाना ती उन्हात काढायचे, ओल्या फडक्यानं बुरशी पुसायचे, बोटभर एरंडेल चोळायचे. बोटभरच. जास्त तेल पाजलं की कातडं मऊ पडतं आणि शिवण कुजते, हे मला त्यांनी सहावीत असताना सांगितलेलं आठवतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. म्हणजे तोंडातून आवाज यायचा, शब्द यायचा नाही. दवाखाना, एमआरआय, व्यायाम करून घेणारा माणूस, सगळं मिळून चुलतभावानं, म्हणजे दादानं, गावातल्या एकाकडून एक लाख वीस हजार उचलले होते. मुदत संक्रांतीची. मी म्हटलं मी देतो. पण नानांपुढं हे काढलं आणि त्यांनी डावा हात असा काही झटकला की काकू म्हणाली, "तुझं नगं म्हनतेत ते." मग दादाच म्हणाला, "खोगिरं विकू की. पडूनच हायेत."

इथं आमच्यातला इंजिनिअर जागा झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी सातही खोगिरं अंगणात मांडली. पांढरी चादर पसरून सकाळच्या उन्हात प्रत्येकाचे आठ-आठ फोटो. एक्सेल शीट केली. नंबर, रंग, मापं, वजन, अवस्था, अपेक्षित किंमत. बैठकीचं माप इंचांत घेतात, पुढच्या उंचवट्याशेजारच्या बटणापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत, एवढं इंटरनेटवर वाचून घेतलं होतं. अवस्थेच्या रकान्यात ए, बी, सी अशा ग्रेडी दिल्या. कशावरून? दिसण्यावरून. (हसू नका. अर्धी आयटी इंडस्ट्री स्क्रीनशॉटवर चालते.)

माल असा होता. दोन जर्मन बनावटीची, एक काळं आणि एक तपकिरी. तीन कानपूरची. एक रेसच्या घोड्यांना सकाळी व्यायाम देताना वापरतात तसलं, हलकं. आणि एक जुनं लष्करी खोगीर, दोन बाजूला लाकडी फळ्या आणि मध्ये ताणलेलं कातडं, एकट्यानं उचलवत नाही इतकं जड.

कानपूरचं तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, मलाही नव्हतं. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी तिथं फौजेसाठी घोड्यांचा साज बनवायचा सरकारी कारखाना काढला. त्याच्या आसऱ्यानं चामड्याचा धंदा वाढला तो वाढलाच. आज युरोप-अमेरिकेत स्वस्तातली म्हणून जी खोगिरं विकली जातात त्यातली पुष्कळशी कानपूरहून गेलेली असतात. इंग्लंडात याच धंद्याचं गाव म्हणजे वॉल्सॉल. तिथल्या फुटबॉल क्लबाचं टोपणनावच 'सॅडलर्स', खोगीरवाले. आपल्याकडे जिनगर हे अख्ख्या समाजाचं नाव यावरूनच पडलं, जीन बनवणारे ते जिनगर. घोडदळं गेली, धंदा गेला, नाव राहिलं. आमच्याकडून भूमच्या पलीकडं खर्डा आहे. १७९५ साली तिथं मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. तेव्हा त्या माळावर किती खोगिरं असतील याचा मी एकदा हिशेब करायला बसलो होतो. सोडून दिला.

जाहिरात टाकली. "विकणे आहे. उत्तम दर्जाची वापरलेली खोगिरं, सात नग. वाशी." जिल्हा खाली लिहिला होता, पण वाचतंय कोण?

पहिल्या दोन दिवसांत तीसेक फोन. त्यातले पंचवीस "सेक्टर किती?" एकानं घोडा सोबत मिळेल का विचारलं. एकाला खोगिराचं बारस्टूल करायचं होतं. एका बाईंनी मी प्राण्यांवर कसा अत्याचार करतोय हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं, कारण त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. ते पुढं येईल.

लष्करी खोगीर सगळ्यात आधी गेलं. पुण्यात एका नव्या कॅफेच्या भिंतीवर. पंधरा हजार. जे घोड्याच्या पाठीवर पुन्हा कधीच चढणार नाही त्याला एवढे पैसे मिळाले याचं दादाला फार नवल वाटलं. मग शेतावर हुरडा पार्टी आणि घोडा-सवारी असलं काही चालवणाऱ्या एकानं दोन कानपुरी घेतली, सहा-सहा हजारांना. आणि तपकिरी जर्मन खोगिराला मुंबईचं गिऱ्हाईक लागलं. पंचेचाळीस हजार, घासाघीस नाही. मुलगी स्वारी शिकतेय, चौदा वर्षांची आहे, तिच्या वाढदिवसाला द्यायचंय म्हणाले. पाच हजार टोकन तिथल्या तिथं पाठवले. रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाले.

ते तपकिरी खोगीर होतंच तसं. मध्यासारखा रंग, शिवण एकसारखी, कातड्यावर झाक. माझ्या शीटमध्ये एकटं तेवढं 'ए प्लस'. दादानं ते दांडीवरून उतरवून ओसरीवर आणलं तेव्हा खाटेवरून नानांनी मोठ्यानं आवाज केला. डावा हात वर करून हलवायला लागले. डोळ्यांत पाणी. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं. काकू म्हणाली, "जीव जडलाय त्येंचा." दादानं ते परत आत नेलं आणि आम्ही ठरवलं की पुढचं सगळं नानांच्या नजरेआड करायचं. मी त्या रात्री पुण्याला परत जाताना बसमध्ये एक हळवा लेखसुद्धा मनातल्या मनात लिहून टाकला होता, हाडाचा मोतद्दार आणि त्याचं लाडकं खोगीर वगैरे. बरं झालं कागदावर उतरला नाही.

काळं खोगीर मी सोबत नेलं होतं. पुण्यात स्वारी शिकवणाऱ्या एका बाई ते बघायला येणार होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, कडक. मी त्यांना शीट दाखवायला लागलो तर त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. खोगीर उलटं करून मांडीवर घेतलं. खालच्या दोन गाद्यांवरून तळवा फिरवला, डोळे मिटून. आत लोकर भरलेली असते. ती वापरून वापरून बसते, गाठी होतात. तीच गाठ मग घोड्याच्या पाठीत रुतते. तंग आवळायचे पट्टे एकेक करून वाकवले आणि शिवणीपाशी नखानं खरवडून पाहिले. रिकिबी अडकवायच्या लोखंडी पट्ट्या हलवून पाहिल्या. मग खोगीर सरळ केलं, पुढच्या कमानीचे दोन पाय हातात धरून आत दाबले, बाहेर ओढले. शेवटी पुढची बाजू पोटाशी टेकवली आणि मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे खेचली. खोगीर किंचित लवलं आणि सोडल्याबरोबर जागेवर आलं.

"सांगाडा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं दुरुस्त होतं हो. कातडं बदलता येतं, लोकर भरता येते. आतला सांगाडा मोडला की खोगीर संपलं. वरून काही दिसत नाही. बसणाऱ्याला पण लवकर कळत नाही. कळतं ते घोड्याला, आणि तो काय सांगणार?"

सांगाडा म्हणजे लाकडाचा, त्यावर पोलादी पट्ट्या बसवलेल्या. त्याचं काम एकच, माणसाचं वजन पाठीच्या कण्यावर न येऊ देता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरून द्यायचं. म्हणून नीट बसलेल्या खोगिराखालून, मधल्या पन्हाळीतून पाहिलं तर आरपार उजेड दिसतो. आणि पुढच्या कमानीखाली, मानेच्या बुडाशी घोड्याचं जे उंच हाड असतं त्याच्यावर, दोन-तीन बोटं जातील एवढी जागा राहते. कमान मोडली की ती जागा बुजते. मग पूर्ण वजन त्या हाडावर.

बाईंनी अडतीस हजार दिले. मी घरी येऊन शीट उघडली. 'सांगाडा' असा रकानाच माझ्याकडं नव्हता.

शुक्रवारी रात्री मी पुन्हा वाशीच्या गाडीत बसलो. शनिवारी सकाळी तपकिरी खोगीर दांडीवरून उतरवलं, पुढची बाजू पोटाशी टेकवली आणि मागची कड ओढली. आधी काहीच नाही. मग पुढच्या कमानीचे पाय धरून दाबले. डावा पाय हलला. आतून आवाज आला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दाबला नाही.

दादाला दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला काय कळनार हाय?"

खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं होतं, त्याच्या आधी. पंचेचाळीस हजार आले की बाकीचा भरणा सहज होत होता. माणूस मुंबईचा, पैसेवाला. जाहिरातीत मी 'वापरलेलं' लिहिलंच होतं. बघून घेणं त्याचं काम. आणि आम्ही काय पहिल्यांदाच करतोय का? मी स्वतः रिलीजच्या आदल्या रात्री दोन बग 'नोन इश्यू' म्हणून नोंदवून सॉफ्टवेअर प्रॉडक्शनला सोडलेलं आहे, आणि त्याबद्दल टीमला पिझ्झा मिळालेला आहे. त्या रात्री अंथरुणावर पडून मी एवढं सगळं स्वतःला पटवून देत होतो. मध्येच ती चौदा वर्षांची मुलगी यायची, आणि तिच्याखालचा घोडा. मग परत पंचेचाळीस हजार.

रविवारी सकाळी उठून मी ते खोगीर उलटं केलं. एक गोष्ट डोक्यात अडकली होती. कमानीचा डावा पाय मोडला असेल तर खोगीर डावीकडं कलायला हवं. ते तर अगदी सरळ बसत होतं. तळवा फिरवला, त्या बाईंसारखे डोळे मिटून. डावी गादी उजवीपेक्षा टणक होती. शिवण चार बोटं उसवली आणि चिमटीनं आतलं ओढलं. आधी लोकर निघाली. तिच्यामागून चिंध्या. हिरव्या, लाल काठाच्या.

काकू भाकरी थापत होती. तिनं मागं वळून पाहिलं आणि उठूनच आली. पिठाच्या हातानं चिंधी धरली. "ही तर माझी साडी! पुन्यात असताना घेतल्याली. कुठं गेली म्हनून मी किती हुडकली."

आपल्याकडं खोगीरभरती हा शब्द आपण किती सहज वापरतो. मीटिंगला माणसं जमवायची, प्रेझेंटेशनमध्ये स्लाइडी वाढवायच्या. पुलंच्या एका पुस्तकाचं नावही तेच. खरी खोगीरभरती मी पहिल्यांदा त्या दिवशी हातात धरली.

ती चिंधी घेऊन आम्ही नानांच्या खाटेपाशी गेलो. त्यांनी एकदा चिंधीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मान खाली घातली. तोपर्यंत त्यांना थोडं बोलता यायला लागलं होतं, एकेक शब्द, मध्ये मोठी थांब. काकूला ते सगळ्यांत चांगलं कळतं. ती विचारत गेली, ते 'हो-नाही' करत गेले, अर्धा तास तरी लागला. एका घोड्यानं अंग टाकलं तेव्हा हे खोगीर त्याच्याखाली सापडून कमान मोडली होती. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, बघ कसंतरी, कलता कामा नये, एवढंच. नवं घ्यायला पैसे नव्हते, का द्यायचे नव्हते, कोण जाणे. नानांनी डावीकडं चिंध्या ठासल्या. खोगीर सरळ बसायला लागलं. दीड महिना ते एका घोडीवर चढत होतं. मग तिची पाठ सोलली, मानेच्या बुडाशी पू झाला, कुणाला हातसुद्धा लावू देईना. तिला विकून टाकली. कुणाला, ते नानांना ठाऊक नाही. टेम्पोत माल भरताना त्यांनी ते खोगीर मुद्दाम घेतलं, ते तिथं राहिलं असतं तर कुणीतरी परत वापरलं असतं म्हणून.

आणि आम्ही समजत होतो जीव जडलाय.

एवढ्यात फोन वाजला. दहाला पाच कमी. "मी वाशी स्टेशनच्या बाहेर उभा आहे. तुम्ही कुठल्या बाजूला?"

काय सांगू. मी त्यांना सांगितलं, साहेब, आमच्या वाशीला स्टेशन नाही. मग सगळा भूगोल झाला. ते हसले, चांगले होते. म्हणाले, "अहो मग जाऊ द्या, एवढ्या लांब कशाला येऊ. तुम्ही पार्सलनं पाठवून द्या. मी उरलेले चाळीस आत्ता ट्रान्स्फर करतो. फोटो बघितलेत ना, बस."

दादा समोर उभा होता. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. उगाच ठेवला होता.

मी म्हणालो, "पाठवू नका. त्याचा आतला सांगाडा मोडलाय. आम्हाला कालच कळलं." पलीकडं शांतता. मग, "मोडलाय म्हणजे? फोटोत तर काही दिसत नाही." मी म्हणालो, "फोटोत दिसत नाही." ते म्हणाले, "मुलीला सांगून बसलोय मी. आज तिचा वाढदिवस आहे." आवाज बदललेला. टोकन परत करा म्हणाले आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत मी पाच हजार परत पाठवले. उत्तर नाही आलं. मला वाटलं होतं निदान एखादा मेसेज येईल. नाही आला.

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. त्याचंही बरोबर होतं. मी सोमवारी पुण्यात एसीत बसणार होतो, संक्रांतीला दारात माणूस त्याच्या येणार होता.

उरली दोन, एक कानपुरी आणि ते रेसवालं हलकं. दिवाळीच्या सुमाराचा अकलूजचा घोडेबाजार हुकला होता. डिसेंबरअखेर आम्ही माळेगावच्या यात्रेला गेलो. हे माळेगाव नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. कळंब, लातूर, अहमदपूर असा रस्ता. दादा तेव्हा बोलायला लागला होता, पण कामापुरतं. यात्रेत शिरलो आणि दोघांचीही तोंडं उघडी पडली. नजर जाईल तिथवर पालं. घोडे, गाढवं, उंट. हवेत भंडारा आणि धूळ. एकीकडं 'येळकोट येळकोट' चाललंय, एकीकडं कुस्तीचा फड, आणि लांबून लावणीच्या तंबूतली ढोलकी. घोडेवाले घोड्याचा ओठ वर करून दात मोजतात. गळ्याखालचा भोवरा बघतात, देवमण असला की किंमत चढते. मग रेवाल चाल बघायची, म्हणजे घोडा पळताना बसणाऱ्याच्या हातातली पाण्याची वाटी डुचमळू नये. सौदा रुमालाखाली, बोटं धरून. मला तर हे आमच्या अप्रेझलपेक्षा पारदर्शक वाटलं.

पण आमच्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं. इथं साजाची दुकानंच दुकानं होती, गोंड्यांच्या म्होरक्या, घुंगरांच्या माळा, कवड्या, आरसे, जरीकाम. आमचं कानपुरी त्यात म्हणजे लग्नात ऑफिसचा शर्ट घालून गेल्यासारखं. एक म्हातारा धनगर थांबला. त्याच्याकडं दोन तट्टं होती. मेंढरं घेऊन फिरताना बिऱ्हाड लादायला. तट्टावर त्याचं स्वतःचं खोगीर होतं, गोणपाट आणि जुनं घोंगडं शिवून केलेलं, जाड, दोन्हीकडं मऊ. त्यानं आमचं खोगीर उचललं, उलटं केलं आणि न सांगता गाद्यांवरून तळवा फिरवला. डोळे मिटून! मी दादाकडं पाहिलं. म्हातारा म्हणाला, "भरनी चांगली हाय. पर माझ्या कामाचं न्हाई बाबा. ह्याच्यावर मानूस बसतो, माझ्या घोड्यावर संसार बसतो." आणि गेला.

संध्याकाळी एका पोरानं रेसवालं तीन हजारांना घेतलं. दुसऱ्या दिवशी परभणीकडच्या एका वरातवाल्यानं कानपुरी साडेचार हजारांना. तो म्हणाला, भारी माल विकायचा तर सारंगखेड्याला जायचं, दत्तजयंतीला, तापीच्या काठी. तिकडं लाखालाखांची जनावरं येतात. पुढच्या वेळी नक्की, दादा म्हणाला. पुढच्या वेळी आमच्याकडं विकायला काय असणार होतं देव जाणे, पण त्यानं जोरात सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो.

हिशेब : पंधरा, बारा, अडतीस, तीन आणि साडेचार. बहात्तर हजार पाचशे. उरलेले साडेसत्तेचाळीस दादानं खव्याच्या भट्टीवाल्याकडून दुधापोटी उचल म्हणून घेतले. म्हणजे आता वर्षभर दोन म्हशींचं दूध त्या भट्टीत जाणार. मी पुन्हा एकदा पैशाचं काढून पाहिलं. दादा म्हणाला, "तू फोनवर बोललास तेवढं बास झालं." हे त्यानं कौतुकानं म्हटलं की टोमणा मारला, मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

तपकिरी खोगीर दांडीवर एकटंच राहिलं. फेब्रुवारीत मी गेलो तर ते ओसरीवर उघडं पडलेलं. पूर्ण सोललेलं. कातडी एकीकडं, लोकर एकीकडं, पोलादी पट्ट्या एकीकडं, आणि मध्ये तो मोडका सांगाडा. नाना खाटेवरून डाव्या हातानं बोट दाखवत होते आणि दादा टाके उसवत होता. चिंध्या काकूनं धुऊन वाळत घातल्या होत्या. गोधडीत घालते म्हणाली.

नानांना सांगाडा बदलून बघायचाय. इतक्या दिवसांत त्यांनी एकदम सलग चार शब्द बोललेले मी तेव्हाच ऐकले, "हात ह्याचं. डोकं माझं." हे जमेल का? कळत्या माणसाच्या हातचंही ते सोपं काम नाही, आणि दादानं आजवर शिवलं ते फक्त पोतं. पण कानपूरला नुसता सांगाडाही मिळतो असं शोधून मी साडेसतरा इंची एक मागवला. पैसे मी दिले. नानांनी यावेळी हात झटकला नाही.

पत्ता लिहिताना जिल्हा ठळक अक्षरांत लिहिला होता. पिनकोडही दोनदा तपासला. आमचा ४१३ ने सुरू होतो, त्यांचा ४०० ने. काल रात्री ट्रॅकिंग पाहिलं. पार्सल मंगळवारपासून तुर्भ्याच्या गोदामात आहे, आणि शेरा आहे, 'पत्त्यावर सेक्टर नमूद नाही.'